लसीचा वार

वाफेच्या न्हाणीतून पोरं लालबुंद होऊन बाहेर येत होती. आया त्यांना दारातल्या बाकावर बसवून हातात मुरंबा घातलेला चहा देत, आणि अंग निवलं की डॉक्टर फेवरोनिया उघड्या दंडावर लस टोचत होती. एखाददुसरं भोकाड सोडलं तर सगळं सुरळीत चाललं होतं.

तुल्चा या जिल्ह्याच्या शहरातून होडीनं आलेली आरोग्य निरीक्षक इलिंका मोरारू ते टक लावून बघत होती. डॅन्यूब नदीच्या मुखाकडच्या गावांत गोवर पसरला होता. मागच्याच पंधरवड्यात एक चिमुरडी तिच्या डोळ्यांदेखत गेली, आणि तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. या एका कोळ्यांच्या गावात मात्र गोवराचं नाव नाही. लस तीच, सुई तीच, आणणारी होडीही तीच. मग इथंच असं काय आहे, ते शोधायला ती आली होती.

लसीचा वार सगळीकडे बुधवार. आपण तो पाळत नाही, हे फेवरोनियानं बेधडक सांगून टाकलं. बुधवारी सगळं गाव जाळी घेऊन लव्हाळ्यांत शिरलेलं असतं. दवाखान्याकडे कुत्रंही फिरकत नाही. शनिवारची न्हाणी मात्र कुणी चुकवत नाही, कारण अंग न घासता रविवारी चर्चमध्ये पाऊल टाकायची कुणाची छाती होत नाही.

“आणि वरून कुणी काही बोललं नाही?”

“सरकारं बदलत राहिली, बाई. लसीची पेटी मात्र दर महिन्याला आली, कधी चुकली नाही. तेवढं तुम्ही सांभाळा. पेटी येणार हे पक्कं असलं, की ती कुठल्या दारात उघडायची ते आमचं आम्ही बघतो.”

इलिंकाचा जीव भांड्यात पडला. इतकं सोपं होतं तर. तिनं लगेच कागद काढून हुकूम लिहायला घेतला: येत्या महिन्यापासून सगळ्या गावांत लस शनिवारी, न्हाणीच्या दारात. आता एकही पोर हातचं जाणार नव्हतं. लिहिता लिहिता तिला सहज कुतूहल वाटलं.

“पण हा बुधवार मुळात काढला कुणी?”

फेवरोनियानं पुढच्या पोराचा दंड हातात घेतला.

“तुमच्याच कचेरीतल्या एका साहेबानं. भला माणूस होता हो. वरच्या गावात बुधवारी बाजार भरतो. तिथं एकूण एक पोर आलेलं पाहून तो असा हरखला, की तिथल्या तिथं बसून त्यानं सगळ्या गावांना बुधवार लावून दिला.”