कोयतीचं पाणी

तिसऱ्या कोयतीचाही सोनेरी लेप बांबूच्या पहिल्याच गाठीवर सुटला. हे सांगायला आईचा फोन आला तेव्हा जया चंद्रपूरच्या आपल्या लहानशा कारखान्यात भट्टीपुढे उभी होती. बांबू पोलादाची धार लवकर खातो. मग जोर लावावा लागतो, आणि आईचं, रंभाबाईचं मनगट आता तेवढा जोर सोसत नव्हतं. कमच्या, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्या, काढणं सोडावं लागेल, असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती.

प्रत्येक कोयतीला पोलाद कडक करणारं पाणी जयाने स्वतः दिलं होतं. वरचा लेप काचेपेक्षा कितीतरी कठीण, पण केसाहून पातळ. खालचं पोलाद दबलं तरच तो फुटेल. आणि पोलाद कारखान्यातून निघताना मऊ नव्हतं. तिने मोजलं होतं.

चौथी कोयती घेऊन ती चामोर्शीजवळच्या आपल्या गावी गेली. रंभाबाईने कोयतीला हळदकुंकू लावलं, पातं चुलीतल्या तापल्या राखेत खुपसलं आणि निवांत चहा ठेवला.

"आई, हे काय करून राह्यली?"

"घरात आलेल्या लोखंडाले आपला इस्तू दाखवा लागते. तुले दवाखान्यातून आणलं, तवाबी मी पयले चुलीपाशीच घेऊन बसली होती."

जयाने राखेवर हात धरून पाहिला. या पोलादाचं पाणी दोनशे अंशांच्या वर उतरू लागतं, ते मऊ पडतं. राख त्याच्या दुप्पट तापलेली असणार. जुन्या कोयत्यांची धार का टिकत नव्हती, तेही तिला तिथेच कळलं.

कारखान्यातला तिचा भागीदार देवानंद हे ऐकून हसला. 'राखेत घालू नये' अशी चिठ्ठी चिकटवू म्हणाला. नाहीतर पोलादच बदलावं लागेल. जयाने पोलाद बदललं. ड्रिलच्या टोकांना वापरतात ते घेतलं, पाचशे अंशांच्या वर तापवून त्याचं पाणी बसवलं आणि लेप त्याहून कमी तापात चढवला.

पुढच्या खेपेला हळदकुंकू लावून झाल्यावर तिनेच पातं राखेत सरकवलं. चहा सावकाश घेतला.

रंभाबाई दुपारपर्यंत बांबू चिरत होती. गाठीमागून गाठी गेल्या. लेप जागचा हलला नाही. तिने मनगट एकदाही चोळलं नाही.

"पाह्य आता," ती म्हणाली. "पयल्या चारही काऊन बिघडल्या? तू आपल्या हातानं इस्तू दाखवला नोता."

"हो आई," जया म्हणाली. "माझंच चुकलं."