काकूंचं लिंबू

कुंडीतल्या लिंबावर जेमतेम मूठभर पानं उरली होती आणि प्रयोग अजून एकदा करायचा होता. सरांनी कात्री उचलली, परत ठेवली. बायकोने सरबताच्या लिंबातली बी सहज मातीत खोचली होती. ती गेली, झाड राहिलं. आता तेही बोडकं करायचं त्यांच्या जिवावर आलं. वाटेतल्या नर्सरीतून त्यांनी दुसऱ्याच लिंबाची पानं घेतली आणि चोरासारखे प्रयोगशाळेत शिरले.

"आल्या का काकू?" त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या मुलीने पुडी घेत विचारलं. "आज गाळताना सांडू नका हं सर, काकू रागावतील."

सर हसले. बायकोच्या झाडाच्या पानांना सगळे काकूच म्हणत, त्यामुळे इथे दिवसभर काकू, काकू चालायचं. घरी तिचं नाव काढायला कुणी नव्हतं.

पानांचा काढा सिल्व्हर नायट्रेटमध्ये पडला. फिकट पाणी हळूहळू तपकिरी झालं, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार झाले. आता ते जंतूंना मारतात का, एवढंच बघायचं होतं. नाही मारणार, असं सरांना आतून वाटत होतं. खरं तर मारूच नयेत. तिच्या झाडाची बरोबरी हे विकतचं झाड काय करणार!

दुसऱ्या दिवशी मुलीने जंतू वाढवलेली प्लेट उजेडात धरली. त्या तपकिरी पाण्याच्या थेंबाभोवतीचे जंतू साफ झाले होते, अगदी मागच्या दोन्ही वेळांसारखे.

"सर, काकूंनी पुन्हा मैदान मारलं!"

सरांना खोटं पचेना. "ती पानं आमच्या झाडाची नव्हती," ते म्हणाले. "नर्सरीतली होती."

आता बोलणी बसणार, असं त्यांना वाटलं. पण मुलीने टाळीच वाजवली. "मग तर सोन्याहून पिवळं! कुठलंही लिंबू चालतं म्हणजे! तुमचं झाड सुटलं बिचारं."

"त्या झाडात खास असं काहीच नव्हतं?"

"काही म्हणजे काही नाही!" असं म्हणत ती सगळ्यांना सांगायला धावली.

चहा आला. शेजारच्या खोल्यांतलेही जमले. लिंबावर बोलणं झालं, चांदीवर झालं, पुढे त्यातून करायच्या मलमावर झालं. काकूंचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. सर वाट बघत राहिले आणि त्यांचा चहा निवून गेला.

सकाळी ते हातात पुडी घेऊन आले. झाडावर होती नव्हती तेवढी सगळी पानं तिच्यात होती.

"अहो सर, आता कशाला आणलीत?"

सरांनी पुडी मुलीपुढे धरली.

"काकूंची आहेत," ते म्हणाले.