हाताची चव

आजोबांच्या हातचा चहा आपण डोळे मिटूनही ओळखू, असं आजी म्हणाली आणि नातीच्या अंगात शाळेतलं विज्ञान संचारलं.

"नुसतं म्हणून चालत नाही, आजी. पडताळून बघायचं."

तिने पावडर, साखर, दूध सगळं मोजून सारखं ठेवलं. बदलायचा तो फक्त करणारा हात. आजीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. कधी आई चहा करून आणून देई, कधी आजोबा. आजी दर वेळी अचूक!

"बघितलंस? हाताला चव असते," म्हणत आजोबा मिशीतल्या मिशीत हसत अंगणात गेले.

नात आजीला खेटून बसली. "खरं सांग, घोट घ्यायच्या आधीच कसं गं ओळखत होतीस?"

"चव कुठली आलीय! हे चहा घेऊन आले की कपबशी किणकिणते."

"म्हणजे प्रयोग चुकला! पुन्हा करू. आता सगळे कप मीच आणून देणार."

आजीने रुमाल सोडला आणि नातीचा हात धरला.

"नको गं राणी. हात थरथरतो ते मला कळलेलं नाही, असं वाटतंय त्यांना. राहू दे तुझा प्रयोग चुकलेला."