खालच्या गल्लीतलं हॉटेल

“आप्पाऽऽ, जेवाय चला वोऽऽ!”

शिरोळच्या मळ्यात उसाच्या शेंड्यांवरनं वाऱ्याच्या पाठीवर बसून यायची ती हाक. परकर खोचलेली थोरली लेक अनुजा बांधावर उभी राहायची, आणि आप्पा हातातलं खुरपं जागच्या जागी टाकून निघायचे. इतक्या वर्षांनी आज, हॉटेलात वाफाळत्या वाडग्यापुढं बसलेल्या सयाजीच्या कानात ती हाक उगीचच घुमत होती. रात्रपाळी करून तो सकाळी घरी आला होता. डोळे चुरचुरत होते. बायको माहेरी गेलेली. पाठ टेकायच्या आधी आप्पांच्या जेवणाचं बघायला हवं होतं.

आई गेल्यापासून आप्पा त्याच्याकडं कोल्हापुरात राहत होते, आणि चैतातल्या विहिरीसारखे रोज थोडे थोडे आटत होते. अर्धी भाकरी पोटात, अर्धी ताटात. बाहेरच्या अन्नाला तर त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

म्हणूनच त्याला नवल वाटत होतं. मघाशी त्यानं स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं होतं. ओरडावंच लागायचं, आप्पांचा डावा कान गेलेला, उजवा निम्मा.

“आप्पा, खालच्या गल्लीत थाईचं हाटेल झालंय. तिथं जाऊया जेवाय?”

“कुणाचं?”

“थाईचं वो, थाईचं!”

आता शिव्या पडणार म्हणून सयाजी थांबून राहिला. मग आतून आलं, “माझं धुतलेलं धोतर काढ. अन् टोपी.”

आता ते समोर बसले होते, इस्त्रीच्या टोपीत, सोयरिकीला आल्यासारखे. खिडकीकडची खुर्ची सोडून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून बसायचं ठरवलं होतं. भिंतीवरचे कागदी दिवे, टेबलावरची फुलं, जेवायला आलेली कॉलेजची पोरं, सगळं ते निरखत होते.

“बरं चाललंय की,” ते पुटपुटले.

“व्हय, गर्दी असती.”

सयाजीच्या मनात एक प्रश्न होता, आणि तो आजचा नव्हता. अनुजा थोरली, साऱ्या घराची ताई. तिनं आपल्या मनानं, जातीबाहेर लग्न केलं, आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नाही. आई गेली तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली होती. आप्पांनी मान फिरवली. ती तशीच, पदर तोंडात धरून माघारी गेली. आता कबनूरला यंत्रमागावर काम करणाऱ्यांसाठी ती खानावळ चालवत होती. सयाजी तिला चोरून फोन करायचा. आप्पांच्या कानावर यातलं काही गेलं होतं का, त्याला ठाऊक नव्हतं. तिला घरी बोलवू का, एवढंच विचारायचं होतं. दोन्हीकडची ओझी वाहून तो थकला होता.

आप्पांनी चमचा बाजूला सारला, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला.

“पांढरा रस्सा केलाय.”

“नारळाच्या दुधाचा हाय.”

“गवती चहा कशाला टाकलाय ह्यात?”

“थाई रस्सा असाच असतोय, आप्पा.”

“मला सांगतोस व्हय?” आप्पांनी आणखी एक घोट घेतला, डोळे मिटून. “हात बदललाय जरा. बदलणारच की.”

सयाजीला काही कळलं नाही. म्हातारपणी माणूस काहीही बोलतं, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. आप्पांनी वाडगा संपवला. भात आला, तोही हातानं कालवून संपवला. आतलं दार हललं की त्यांचा घास हवेतच थांबायचा. दार मिटलं की पुन्हा तोंडाकडं जायचा.

सयाजीनं पाण्याचा घोट घेतला. “आप्पा, एक विचारायचं हुतं.”

“जेव आधी.”

“न्हाय, आत्ताच विचारतो. नंतर धीर हुणार न्हाय.”

तेवढ्यात वाढणाऱ्या बाई ताटं उचलायला आल्या. पुसून घेतल्यासारखं ताट बघून त्या हसल्या. “आजोबा, सगळं संपवलं की! आमच्या गल्लीतली म्हातारी तर नुसत्या वासानं पळत्यात. आणू अजून काय?”

आप्पांनी मान हलवली. टोपी सारखी केली. मग आतल्या दाराकडं बोट केलं.

“काय नको. आत चुलीपाशी आमची ताई हाय न्हवं, तेवढं तिला सांगा, आप्पा आलाय. राग न्हाय म्हणावं आता. हात धू, अन् घरला चल.”