बाजूची नंबरप्लेट

हेमांगीने मोटारसायकलवर बसून मागच्या चाकावर सगळा भार टाकला, पण तिने वेल्ड केलेली नंबरप्लेटची लोखंडी पट्टी कुठेच घासली नाही. पहिली पट्टी इंजिनच्या थरथरीने तडकली होती. दुसरी खड्ड्यात शॉकअपवर आपटायची. या तिसरीला तिने नटाखाली रबर घातलं होतं. चाकाच्या डाव्या बाजूला नंबरप्लेट आता ताठ उभी होती.

संध्याकाळी गाडीमालक चार मित्रांना घेऊन वर्कशॉपमध्ये आला. सगळ्यांनी वाकून वाकून वेल्डिंग पाहिलं.

"पांचाळकाका, काम कुणाचं हे? आम्हालाही अशीच पाहिजे."

हेमांगीने हातमोजे काढले. तिच्याकडे न बघता वडील म्हणाले, "आमच्या पुतण्याचं. पुढं दुकान तोच बघणार आहे."

पुतण्याने आजवर वेल्डिंगची कांडीसुद्धा हातात धरली नव्हती.

गिऱ्हाईकं गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, खोटं का बोललात?"

"पोरीनं केलंय कळलं असतं, तर लगेच खोट काढली असती त्यांनी."

"आणि तुम्ही? तुम्हाला काय खोट दिसली?"

वडिलांनी ग्राइंडर सुरू केला.

दुसऱ्या दिवशी ती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम मागायला गेली. "आधी काय केलंयस?" मालकाने विचारलं. तिने मोबाइलवर पट्टीचा फोटो दाखवला.

मालक हसला. "अगं, हे पांचाळांच्या पुतण्याचं काम. माझा मुलगा कालच बघून आलाय." त्याने मोबाइल तिच्या हातात परत दिला. "त्यालाच कामावर घ्यायचंय मला. ओळखतेस का त्याला?"