पुढच्या चाकाचा नट

"पुढचं चाक राहू द्या, वहिनी. ते मी गॅरेजवर नेऊन करतो."

हे तो तिसऱ्यांदा म्हणाला. वहिनीनं मान वर केली. तिच्या हातात पक्कड होती.

"का? मागचं चाक इथंच उघडलं. इंजिनही इथंच उघडलं, आठवडाभर सगळ्या घराला ऑईलचा वास. मग पुढच्या चाकानं काय घोडं मारलंय?"

सकाळीच पुसून ठेवलेला कार्ब्युरेटर तो पुन्हा पुसायला लागला.

मोटारसायकल छोटीशी, जुन्या काळातली, त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ गेला त्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून ती मागच्या खोलीत ताडपत्रीखाली पडून होती. पुतणी अठराची झाली आणि हट्ट धरून बसली. बाबांची गाडी मीच चालवणार, पण माझ्या पद्धतीची. सीट आखूड, हँडल खाली, टाकी हिरवी. मेकॅनिक काका घरचाच. तसाही तो दर रविवारी या घरात असायचा. स्वतःचा संसार त्यानं मांडला नव्हता. ही वहिनी आणि ही पुतणी एवढाच त्याचा गोतावळा.

नाही म्हणायला हवं होतं. पण पुतणीला तो आजवर कधी नाही म्हणाला नव्हता, आणि ते आता अंगाशी येत होतं.

त्यात वहिनीला काम कळायचं. नवऱ्याच्या हाताखाली ती सगळं शिकली होती. भावाची पद्धत ठरलेली असे. नट कोणीही लावावा, शेवटचा पाना तोच मारणार. पाना मारला की "झाला" म्हणणार. मग वहिनी आपल्या नेलपॉलिशच्या बाटलीतून नटावर एक लाल ठिपका देणार. ठिपका दिसला की भाऊ त्या नटाकडे पुन्हा बघतसुद्धा नसे. नवरा-बायकोच्या या कारखान्याची त्यानं फार टर उडवली होती. भाऊ म्हणायचा, "हस लेका. माझा स्वतःवर नसेल एवढा त्या ठिपक्यावर विश्वास आहे."

मागच्या चाकावर, इंजिनवर ते ठिपके अजून होते. नट सोडवण्याआधी वहिनी प्रत्येकावर क्षणभर बोट ठेवायची. तेवढा वेळ तो दुसरीकडे बघायचा.

कट्‌कन आवाज झाला.

"ही तार कसली बांधलीय चाकाला?"

"पोलीस ठाण्यातून गाडी आणताना बांधली. चाक डगडगत होतं."

"कोणी बांधली?"

"मीच."

वहिनीनं तार ओढून काढली. एक्सल नुसत्या बोटांनी बाहेर आला. तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला.

"याचा नट कुठाय?"

"पडला असेल पडताना."

"तसा निघाला असता तर आटे सोलले असते. हे तुमच्याच भावानं शिकवलंय मला." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं. "आटे कोरे करकरीत आहेत, भावजी. नट आपणहून फिरत फिरत निघालाय. म्हणजे तो नुसता हातानं लावलेला होता. सगळे म्हणाले, वळणावर गाडी घसरली. मीही बारा वर्षं तेच धरून चालले."

"जुनी गोष्ट झाली, वहिनी."

"त्या सकाळी पंक्चर तुम्ही काढलंत."

"हो."

"चाक तुम्ही बसवलंत."

"हो."

"नोकरीचा पहिला दिवस होता माझा. उशीर होत होता. हे आत कपडे बदलत होते आणि मी बाटली घेऊन गाडीपाशी नुसती तगमग करत होते. त्या दिवसाचं मला धड काही आठवतच नाही. मला पोचवून परत येताना..." ती थांबली. "पाना यांनीच मारायचा असायचा. मग का नाही मारला?"

त्याचा हात नकळत हत्यारांच्या पेटीकडे गेला. वहिनीचं लक्ष होतं.

"काय आहे त्या पेटीत?"

"हत्यारं. दुसरं काय असणार?"

त्यानं पेटीची कडी लावली. बाहेर अंगणात पुतणी टाकीला पॉलिश पेपर घासत होती, त्याचा खर्र खर्र आवाज येत होता.

वहिनी एक्सल हातात फिरवत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली. ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होती.

"मी सांगितलं दादाला," तो एकदम म्हणाला. "म्हटलं, पाना मी मारलाय, तू नीघ. मारला नव्हता. विसरलो होतो."

वहिनीनं एक्सल फडक्यावर ठेवला.

"बारा वर्षं माझ्या घरी जेवलात."

त्यानं पेटी जवळ ओढली.

"माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन फिरलात. एकदा तोंड उघडलं नाहीत."

पुतणी दारात आली. कोपरापर्यंत धुळीनं माखलेली. "काका, टाकीवरून हात फिरवून बघ, काच झालीय नुसती. आणि जेवायला आहेस ना?"

"ते निघालेत," वहिनी म्हणाली. "आणि परत यायचे नाहीत."

पुतणी आईकडे बघू लागली, मग त्याच्याकडे. तिला जवळ घ्यावंसं त्याला फार वाटलं. त्यानं पेटी उचलली आणि तो तिच्या बाजूनं बाहेर पडला. तिनं मागून दोनदा हाक मारली. तो वळला नाही, कारण वळला असता तर बोलून गेला असता.

नाल्याच्या पुलावर तो थांबला. पेटीच्या वरच्या खणातून त्यानं चिंधीची एक गाठ काढली आणि सोडली. आत एक नट होता. अपघाताच्या वळणाच्या शंभर पावलं अलीकडे, ठाण्याची माणसं यायच्या आधी, तो त्याला धुळीत सापडला होता. पाण्यात टाकण्याआधी त्यानं तो एकदा उजेडात धरला. नट गंजला होता, पण वहिनीनं घाईत दिलेला लाल ठिपका त्यावर जसाच्या तसा होता.