गव्हाचा तुरा

थाळीतले गहू वीतभर वाढले होते आणि गोहरची आई यायला अजून तेरा दिवस होते. आज इराण्यांचं नवं वर्ष. उगवलेल्या गव्हाची थाळी आजपासून तेरा दिवस घरात ठेवायची आणि तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडायची, ही त्यांची रीत. आईने इराणातून निरोप धाडला होता, "गहू तू पेर. पाण्यात सोडायला मी येते." नऊ वर्षांच्या गोहरने त्याचा अर्थ एकच घेतला होता. थाळी हिरवी राहिली की आई येणार.

लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर तिचा बाप खुदादाद चहा-पावाचं हाटेल चालवी. दारालगतच्या मेजावर त्याने सकाळीच आरसा मांडला, पाण्याचं भांडं ठेवलं, दिवा लावला आणि मधोमध थाळी ठेवली. मग तो मागे भट्टीकडे गेला, आणि गोहर न्हायला.

तेवढ्यात कुरवंड्याची झुंबरबाई दूध घेऊन आली.

चार दिवस ती त्या थाळीकडे बघत होती. रोज शिंपलेलं पाणी, उगवलेलं धान्य. घट नाही तर दुसरं काय? फाल्गुनात घट कसे बसले, या कोड्यात ती फार पडली नाही. मुलूखच निराळा, त्यांचा दसराही निराळा असेल. तेव्हापासून ती वहाणा बाहेर काढूनच आत येत होती. आज मेजावरची आरास पाहिली, दोरीवर पोरीचा कोरा झगा पाहिला, आणि तिने ओळखलं की आज यांचा दसरा. आणि घट मात्र अजून तसाच! घरात बाईमाणूस नाही, पोरीला सांगणार कोण? झुंबरबाईचा जीव गलबलला. तिने डोक्यावर पदर घेतला, थाळीला हात जोडले आणि मुठीमुठीने सगळे गहू उपटले.

घटाचं धान एकट्याने ठेवायचं नसतं. तिने चहा पीत बसलेल्यांच्या पागोट्यांत नि टोप्यांत एकेक तुरा खोवला. दत्तोबा टांगेवाल्याने एक जास्तीचा मागून घेतला आणि बाहेर जाऊन घोड्याच्या कपाळपट्टीत अडकवला. तुरा कसला, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

गोहर नवा झगा घालून बाहेर आली. थाळी रिकामी होती आणि तिचे गहू लोकांच्या डोक्यांवर होते. थाळी पोटाशी धरून ती मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. खुदादाद पिठाच्या हातांनी धावत आला. पोरीने हुंदके देत त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. तो झुंबरबाईकडे वळला.

"बाई, ये क्या किया? ये तेरा दिन रखनेका. इसकी माँ आनेवाली है, बोटसे. वो आके पानी में छोडेगी."

सगळे एकमेकांच्या डोक्यांकडे बघू लागले. दोघातिघांनी तुरे काढून हातात घेतले. पण उपटलेलं पुन्हा लावणार कुठे? दत्तोबा घोड्याकडे पळाला. शेजारच्या घोड्याने तो तुरा केव्हाच मटकावला होता.

झुंबरबाईचं तोंड उतरलं. ती पोरीपुढे बसली.

"चुकलं माजं, बाय. मला वाटलं, तुला आई न्हाई."

मग तिने खुदादादला विचारलं, "बोट कुटं लागती?"

"बम्बई."

"मग पोरीला सांगा. आमच्यात लांबचं मानूस यायचं असलं, की घरात न्हाई बसून ऱ्हात. येशीपतुर सामोरं जात्यात. गव्हाला बी जाऊ द्या की सामोरा."

ही पळवाट होती की शहाणपण, देव जाणे. झुंबरबाईला स्वतःलाही ते ठाऊक नसावं. खुदादादला ते पोरीला समजावून द्यायला बराच वेळ लागला. गोहरने बाहीने डोळे पुसले. ती उठली आणि प्रत्येक तुरेवाल्यासमोर जाऊन उभी राहू लागली. इथल्या चार महिन्यांत शिकलेल्या मराठीतला एक शब्द आता कामी आला.

"कुटं?"

"इंदुरीला," पहिला पागोटेवाला महिपती म्हणाला. दुसरा कान्हे गावचा निघाला. दत्तोबा तर कुठेच जाणार नव्हता. गोहरचे डोळे पुन्हा भरून आले.

इतक्यात इंजिनावर कोळसा टाकणारा सोपान घाईघाईने आत शिरला. "चा टाका शेट, गाडी सुटंल."

"कुटं?" गोहरने विचारलं.

"म्हंबईला. का गं?"

तिने महिपतीच्या पागोट्यातला सगळ्यांत हिरवा तुरा काढून घेतला आणि सोपानसमोर हात उंच केला. काय चाललंय ते सोपानला कळेना, पण सगळं हाटेल आपल्याकडे बघतंय हे त्याला दिसलं. तो वाकला. काजळीने काळ्या झालेल्या त्याच्या डोक्याच्या रुमालात तिने तुरा घट्ट खोवला. मग दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, आणि पुन्हा तीन. उरलेलं दत्तोबाने त्याला गाडीपर्यंत चालता चालता सांगितलं.

सातव्या दिवशी सोपानच्या बायकोने, कस्तुराने, धुवायला म्हणून तो रुमाल ओढला. आतून वाळका, पिवळा पडलेला झुबका खाली पडला.

"ह्यो कचरा टाकू का?"

"नगं. आई यायचीय."

कस्तुरा त्याच्याकडे बघतच राहिली. "अवो, आत्याबाईंना जाऊन चार वर्सं झाली."

"माजी न्हाई गं," सोपान झुबका उचलत म्हणाला. "पर म्हंबईला गाडी लागली, की बंदरावर जाऊन हुबा ऱ्हातो जरा."